घोड्याच्या खाद्याची डीलरशिप घ्यायची का? सही करायच्या आधीची तयारी

कंपनीचा सेल्सवाला पहिल्या फोनलाच मार्जिन सांगतो, आपण लगेच मनात गुणाकार सुरू करतो आणि तिथेच गाडी चुकीच्या रस्त्याला लागते. मार्जिन, दुकानावरचा बोर्ड, टारगेट गाठलं की मिळणारी ट्रिप, हे सगळं नंतर. आधी एक वही घ्या आणि तुमची गाडी एका दिवसात माल टाकून परत येऊ शकेल एवढ्या टापूत घोडे किती आहेत ते मोजा.

मोजायचे म्हणजे नुसती डोकी मोजायची नाहीत. ५०० किलोचा घोडा दिवसाला साधारण त्याच्या वजनाच्या २ टक्के, म्हणजे १० किलो कोरडं अन्न खातो, आणि त्यातलं निदान साडेसात किलो तरी गवत किंवा वैरण असायला हवी. तुम्ही विकणार ती वरची चंदी. नुसता उभा असलेला, अधूनमधून फिरवला जाणारा घोडा चांगल्या गवतावर मजेत राहतो, त्याला चंदी लागतच नाही, फारतर व्हिटॅमिन-मिनरलसाठी अर्धा-एक किलो बॅलन्सर. रायडिंग स्कूलचा घोडा ३ किलो खाईल, रेसच्या किंवा कडक ट्रेनिंगच्या घोड्याला ५ किलो आणि त्याच्याही वर लागेल. म्हणजे एका तबेल्यात ३० घोडे आहेत हे ऐकून खूश व्हायचं नाही, ते काय काम करतात ते विचारायचं.

उदाहरण घ्या. तुमच्या टापूत ६० घोडे निघाले, २५ हलक्या कामाचे १ किलो खाणारे, २५ रोजच्या कामाचे ३ किलो खाणारे आणि १० कडक ट्रेनिंगमधले ५ किलोवाले. बेरीज झाली दिवसाला १५० किलो, महिन्याला साडेचार टन, २५ किलोच्या १८० बॅगा. बघायला झकास. पण हे सगळे घोडे आत्ता उपाशी थोडेच आहेत, ते कुणाचं ना कुणाचं खातच आहेत, त्यामुळे पहिल्या वर्षात यातला तिसरा हिस्सा जरी तुमच्याकडे वळला तरी चांगलं काम झालं म्हणायचं, म्हणजे ६० बॅगा. आता कंपनीला विचारा की कमीत कमी ऑर्डर किती. उत्तर आलं १० टनाची गाडी, तर ती झाली ४०० बॅगा आणि तुमच्या वेगाने ती संपायला साडेसहा महिन्यांहून जास्त. साध्या पेलेटचं, म्हणजे दाबून गोळ्या केलेल्या खाद्याचं, आयुष्य बनवल्या तारखेपासून साधारण ६ महिने धरतात, गूळपाण्यासारखी मळी घातलेला चिकट दाणा असेल तर तीनेक महिनेच, आणि दमट हवेत त्याहून कमी. म्हणजे शेवटच्या बॅगा विकायच्या आधीच गेल्या. माझ्या मते डीलरशिप घ्यायची की नाही याचं निम्मं उत्तर या एका गणितात आहे, आणि लोक नेमकं हेच गणित माल उतरल्यावर करतात.

गणित बसत नसेल तर लगेच नाही म्हणायचीही गरज नाही, पण मग विचारायचे प्रश्न बदलतात. अर्धी गाडी मिळेल का, वेगवेगळ्या प्रकारच्या बॅगा एकाच गाडीत मिळतील का, शेजारच्या टापूतल्या डीलरसोबत गाडी वाटून घेता येईल का, जवळपास कंपनीचा डेपो आहे का. आणि माल तुमच्या दारात येईल तेव्हा तो बनवून किती दिवस झालेले असतील हे लिहून मागायचं. दोन महिने डेपोत पडलेला माल तुम्हाला ताजा म्हणून मिळाला तर त्यातल्या ए आणि ई व्हिटॅमिनची ताकद तोपर्यंत उतरायला लागलेली असते आणि तेल जास्त असलेल्या खाद्याला खवट वास यायला सुरुवात होते, आणि घोड्याचं नाक आपल्यापेक्षा फार तेज असतं, तो गव्हाणीत तोंड घालून नुसता उभा राहतो आणि मालक तुम्हाला फोन करतो.

आता गोडाऊन. ज्यांचं आधीच कोंबडी-गाईंच्या खाद्याचं दुकान आहे त्यांना वाटतं की चला, एक कोपरा घोड्याला देऊ. थांबा. कोंबड्यांच्या आणि गाईगुरांच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध घालतात, त्याच जातीची सॅलिनोमायसिन, लॅसॅलोसिड वगैरे आणखी आहेत. कोंबडीला ते चालतं, मरणाचा डोस म्हणाल तर अंगाच्या वजनाच्या किलोमागे २०० मिलिग्रॅमच्या आसपास. घोड्याला किलोमागे २ ते ३ मिलिग्रॅम पुरतात. हृदयाचे स्नायू जातात, उतारा नाही, आणि वाचलेला घोडाही पुढे कामाचा राहील याची खात्री नाही. त्यामुळे पहिला प्रश्न कारखान्याला, की घोड्याचं खाद्य ज्या लाइनवर बनतं तिथे ही औषधं घातलेलं दुसरं खाद्य बनतं का. "आम्ही मशीन साफ करतो" हे उत्तर मला तरी पुरेसं वाटत नाही, वेगळी लाइन किंवा ही औषधं मुळीच न वापरणारा कारखाना असेल तर उत्तम. दुसरा प्रश्न स्वतःला: तुमच्याकडे फाटलेल्या बॅगेतला माल दुसऱ्या बॅगेत भरतात का, झाडून काढलेला दाणा कुठे जातो, सुट्टा माल द्यायचा डबा एकच आहे का, डिलिव्हरीची गाडी मधे झाडली जाते का. घोड्याचा माल वेगळ्या खोलीत, फक्त सीलबंद बॅगेत, सुट्टा अजिबात नाही, हे पाळता येत नसेल तर हा धंदा घेऊ नका. आणि गिऱ्हाईक गाईचंही खाद्य नेत असेल तर दोन्ही बॅगांचा रंग सारखा नको, घरी अंधारात बॅग उघडणारा माणूस कोण असेल काय सांगता येतं.

बाकी गोडाऊनचं नेहमीचंच आहे. फळ्यांवर माल, भिंतीपासून हातभर लांब, पत्र्याच्या छपराखाली उन्हाळ्यात भट्टी होत असेल तर वर काहीतरी घाला, उंदरांचा बंदोबस्त करा पण विषाच्या गोळ्या मालाजवळ टाकू नका, आणि आधी आलेला माल आधी बाहेर. भिजलेली बॅग वाळवून विकायचा मोह होतो, तो आवरा. बुरशी लागलेल्या मक्यातल्या विषाने घोड्याचा मेंदू अक्षरशः आतून विरघळतो, यात अतिशयोक्ती नाही, आणि ते विष वरून नेहमी दिसतंच असं नाही.

टापूत रेसचे किंवा मोठ्या स्पर्धांचे घोडे असतील तर तयारीचं एक पान वेगळं ठेवा. त्या घोड्यांच्या लघवी-रक्ताची तपासणी होते आणि खाद्यातून चुकून गेलेला पदार्थही सापडतो. कॉफीतलं कॅफीन, कोकोच्या टरफलातलं थिओब्रोमिन, खसखशीच्या झाडातलं मॉर्फिन, धोत्र्याच्या बियांतलं ॲट्रोपिन. २०१४ साली ॲस्कॉट गोल्ड कपमध्ये दुसरी आलेली राणी एलिझाबेथ यांची एस्टिमेट नावाची घोडी मॉर्फिनसाठी पॉझिटिव्ह निघाली, कारण दूषित खाद्य, आणि तिचा दुसरा नंबर गेला. राणीच्या घोडीच्या बाबतीत हे होतं तर आपण कोण. ब्रिटनमधल्या बेटा या घोड्यांच्या मालाच्या व्यापार संघटनेचा खास याच कारणासाठी नॉप्स (निसर्गतः आढळणारे बंदी असलेले पदार्थ) नावाचा कोड, म्हणजे नियमावली, आहे. तुमच्या कंपनीकडे असलं काही प्रमाणपत्र आहे का, प्रत्येक बॅचचा नमुना ते जपून ठेवतात का हे विचारा. तुमच्याकडून कुठली बॅच कुठल्या तबेल्यात कोणत्या तारखेला गेली याची नोंद तुम्ही ठेवायची, एक्सेल नसेल तर वही, पण ठेवायची. कंपनीने उद्या एखादी बॅच परत मागवली तर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना फोन गेले पाहिजेत. आणि हो, चहा-कॉफी गोडाऊनच्या बाहेर.

कंपनीच्या न्यूट्रिशनिस्टशी, सेल्सवाल्याशी नाही, एकदा निवांत बोलणं करून घ्या. त्याला विचारा की फॉर्म्युला ठरलेला आहे की बाजारात जे स्वस्त मिळेल त्याप्रमाणे घटक बदलतात. लेबलवर प्रोटीन तेच राहतं पण आतला माल बदलतो, आणि घोड्याचं पोट असल्या बदलाला फार नाजूक, त्याच्या आतड्यातले जंतू नव्या खाद्याला जुळवून घ्यायला वेळ घेतात. स्टार्च आणि साखर मिळून किती टक्के हेही विचारा, बऱ्याच लेबलांवर ते नसतं, आणि खूर सुजण्याचा त्रास असलेल्या घोड्याचा मालक पहिला हाच प्रश्न तुम्हाला विचारणार. कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त आहे ना ते बघा, दीडपट-दुप्पट असावं, उलटं नसावं. एवढं उत्तर देता आलं नाही आणि कंपनीकडून कुणी फोनही उचलत नसेल तर तुम्ही तबेल्यात उभं राहून काय विकणार.

गिऱ्हाईक नक्की कोण हेही आधी ओळखा, कारण पैसे मालक देतो, पण खाद्य कोणतं हे बहुतेक वेळा ट्रेनर ठरवतो, डॉक्टर एका वाक्यात ते रद्द करू शकतो, आणि रोज सकाळी गव्हाणीत माल टाकणारा मोतद्दार नाराज असला तर घोडा खात नाही अशी बातमी तिसऱ्या दिवशी मालकापर्यंत पोचते. नालबंदालाही विसरू नका, तो टापूतल्या सगळ्या तबेल्यांत जातो, कुठे काय चाललंय त्याला सगळं माहीत असतं. करार करायच्या आधी यातल्या थोड्याथोड्या लोकांशी बोला, आत्ता काय वापरता, त्यात काय आवडत नाही, माल वेळेवर येतो का. "छान आहे, आणा, घेऊ" याला काही किंमत नाही, "पुढच्या महिन्यात १० बॅगा लिहून ठेवा" याला आहे. मोतद्दाराला बॅगेमागे काहीतरी द्यायची पद्धत तुमच्याकडे असेल तर तुम्ही काय करणार ते आत्ताच ठरवा, नंतर मागे फिरता येत नाही. मी देणार नाही, पण तो ज्याचा त्याचा प्रश्न.

गिऱ्हाइकाला सांगायची दोन गणितंही पाठ असू द्या. एक, दर बॅगेचा नाही, दिवसाचा बघायचा: बॅलन्सरची महाग बॅग अर्ध्या किलोने ५० दिवस जाते, स्वस्त चंदीची बॅग ३ किलोने आठ दिवसांत संपते. दोन, माप डब्याने नाही, काट्याने. एक डबा ओट्स आणि एक डबा मका यांच्या वजनात बराच फरक असतो, आणि ५०० किलोच्या घोड्याला एका वेळी दोन-अडीच किलोपेक्षा जास्त चंदी घातली की पोटशूळाला आमंत्रण. एक टांगायचा काटा गाडीत ठेवा.

नवीन खाद्यावर घोडा आणायला ७ ते १४ दिवस लागतात, जुन्यात थोडं थोडं मिसळत. यातून डीलरला दोन गोष्टी निघतात. पहिली, ज्या दिवशी बॅग विकाल त्या दिवशी हे तोंडी आणि लेखी दोन्ही सांगायचं, कारण घाईने बदललं आणि पोट दुखलं तर नाव तुमच्या मालाचंच येणार. दुसरी जास्त महत्त्वाची: तुमच्याकडे माल संपला तर गिऱ्हाइकाला एका रात्रीत दुसरं खाद्य घालावं लागतं, आणि साबण संपला तर लोक दुसरा घेतात तसं हे नाही. म्हणून नेहमीच्या तबेल्यांसाठी निदान दोन आठवड्यांचा माल बाजूला, हात न लावता. तो शिल्लक साठा तुमच्या पैशांच्या हिशोबात धरा.

पैशांचं बोलायचं तर आता मार्जिन काढा. कंपनी म्हणते २० टक्के, तर कशावर ते विचारा. खरेदीवर २० चढवले तर विक्रीच्या हिशोबाने ते १६.६७ टक्केच होतात. त्यातून गाडी, हमाल, फाटलेल्या बॅगा. एक बॅग बुडाली, मग ती खराब होऊन असो की उधारीत, तर पाच बॅगांचा नफा तिच्यात जातो. कंपनीला पैसे आगाऊ, माल महिनाभर गोडाऊनमध्ये, वर तबेल्याची ४५ दिवसांची उधारी, म्हणजे तुमचा पैसा ७५ दिवस अडकला. महिन्याला ६० बॅगा खपत असतील तर १५० बॅगांची किंमत कायम बाहेर. एवढी रक्कम बँकेतून उचलणार असाल तर व्याज वजा करून परत एकदा बघा, काय उरतं ते. आणि हंगाम विसरू नका, हिरवं गवत वर आलं की हलक्या कामाच्या घोड्यांची चंदी सगळ्यात आधी कापली जाते, तर गाभण घोड्यांना शेवटच्या तीन महिन्यांत आणि दूध पाजताना जास्त लागतं, म्हणजे टापूत स्टड फार्म, म्हणजे घोड्यांची पैदास करणारा फार्म, असेल तर वर्षाचा आलेख थोडा सपाट होतो.

करार हातात आला की वकील, आणि तुमच्याकडे पशुखाद्य विकायला कुठलं रजिस्ट्रेशन लागतं ते, आणि मालामुळे जनावराला काही झालं तर कंपनीचा विमा तुम्हाला कव्हर करतो का ते, लेखी. टापू तुमचाच असं म्हणत असतील तर कंपनी स्वतः ऑनलाइन त्याच टापूत विकते का, कोणत्या दराने, आणि मोठा स्टड थेट कंपनीकडे गेला तर तुम्हाला काही मिळतं का हे नाव-निशी लिहून घ्या. पहिल्या वर्षाला टारगेट नको, किंवा असलं तर ते चुकल्यावर नुसती स्कीम जावी, टापू जाऊ नये. डिपॉझिट किती दिवसांत परत मिळेल. आणि शेवटचं कलम आधी वाचा: दोघांपैकी कुणीही करार मोडला तर तुमच्याकडचा न उघडलेला, मुदत किमान ६० दिवस शिल्लक असलेला माल कंपनीने खरेदीच्या दराने आणि स्वतःच्या गाडीभाड्याने परत न्यायचा. यावर सेल्सवाला "वरती विचारून सांगतो" म्हणेल. सांगू द्या, तोपर्यंत ॲडव्हान्सचा चेक वहीतच.