आजारी पिल्लाला आधी ऊब, मग पाणी: घरच्या घरी होणाऱ्या या चुका टाळा

वैशाखाच्या शेवटाला रवणीवर, म्हणजे अंडी उबवायला, बसवलेल्या कोंबडीचे २१ दिवस भरतात आणि डालग्याखाली पिल्लांची चिवचिव सुरू होते. नेमका तेव्हाच मिरगाचा पाऊस लागतो. आमच्या देवगडकडे दरवर्षीचं हे गणित. मग एखाद्या सकाळी पडवीच्या कोपऱ्यात एक पिल्लू एकटंच उभं दिसतं. पंख सोडलेले, डोळे मिटलेले, अंगावरची लव ओली. घरातलं लहानथोर त्याच्यामागे लागतं. कोणी दूध आणतं, कोणी हळद, कोणी कपाटातली गोळी कुटतं. यातली बरीच पिल्लं आजाराने नाही, आपल्या घाईने जातात, हे मी खूप पिल्लं गमावून शिकले. आपण औषधापासून सुरुवात करतो आणि उबेची आठवण सगळ्यात शेवटी होते.

चोच उघडून पाणी ओतणे

मी आठ-नऊ वर्षांची असताना असंच भिजलेलं पिल्लू ओंजळीत घेऊन काकीकडे गेले. "त्येका पानी पाज गो," ती चुलीपुढून म्हणाली. मी चोच बोटांनी उघडली आणि चमचाभर पाणी आत सोडलं. पिल्लाने मान झटकली, नाकपुडीशी एक बुडबुडा आला आणि माझ्या तळहातावरच ते लुळं पडलं. कोंबडीच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या लगेच मागे असतं, हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं? ओतलेलं पाणी सरळ फुप्फुसात गेलं.

पाणी पाजायचं तर पिल्लाला सरळ उभं धरा, बोट किंवा ड्रॉपर कोमट पाण्यात बुडवा आणि एक थेंब चोचीच्या कडेला लावा. पिल्लू चोच मिटतं, मान वर करतं, गिळतं. मगच दुसरा थेंब. मान टाकलेल्या, गिळता न येणाऱ्या पिल्लाला पाणी देऊच नका, त्याला आधी ऊब द्या. पहिल्या दिवशी पेलाभर उकळून कोमट केलेल्या पाण्यात चमचाभर गूळ आणि अगदी चिमटीच्या टोकाएवढं मीठ चालतं. दुसऱ्या दिवसापासून साधं पाणी. दूध मात्र नको. पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही, हगवण वाढते.

पाण्यासाठी करवंटी ठेवायची आपल्याकडे सवय आहे, पण ती कलंडते आणि पिल्लू पुन्हा भिजतं. बरणीचं पसरट झाकण घ्या आणि त्यात किनाऱ्यावरचे चार धुतलेले गोटे टाका, म्हणजे पिल्लू आत पडून बुडणार नाही.

उबेचा अंदाज हाताने घेणे

कोंबडीच्या अंगाचं तापमान आपल्यापेक्षा बरंच जास्त, ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. म्हणून निरोगी पिल्लू हातात घेतलं की गरम लागतं. आजारी पिल्लू "बरं लागतंय हाताला" असं वाटलं तर ते गारठलेलं आहे असं समजा. गारठलेल्या पिल्लाला खाल्लेलं पचत नाही, म्हणून दाणाही नंतर. अंडं फुटल्यावर दोन-तीन दिवस पोटातल्या बलकावर पिल्लू तगतं, तेव्हा अगदी नवजात असेल तर दाण्याची घाई नकोच.

भिजलेलं पिल्लू आधी सुती कापडाने टिपून कोरडं करा. मग पुठ्ठ्याचा खोका, त्याच्या एका टोकाला ६० वॅटचा बल्ब, साधारण फूटभर उंचीवर, पुठ्ठ्याला वा कापडाला टेकणार नाही असा. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या उंचीवर ३५ अंश तापमान हवं, पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करत जायचं. खोक्याचं दुसरं टोक थंडच ठेवा, कारण कुठे बसायचं ते पिल्लालाच नीट कळतं. बल्बखाली अंग चोरून जोरजोरात चिवचिवत असेल तर ऊब कमी आहे. चोच उघडून धापा टाकत लांब पळत असेल तर जास्त.

इथे एक चूक हल्ली फार दिसते. लोक घरातला एलईडी बल्ब लावून निर्धास्त झोपतात. एलईडी उजेड देतो, पिल्लाला पुरेल एवढी ऊब देत नाही. जुना पिवळा, तारेचाच बल्ब हवा. पावसात लाईट जाणारच, तेव्हा गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवा आणि दर दोन तासांनी पाणी बदला. बंद खोलीत निखाऱ्याची शेगडी ठेवू नका, तिचा विषारी वायू पिल्लांना मारतो आणि माणसांनाही. चुलीच्या कडेला ठेवलं तर धूर लागतो आणि एक बाजू भाजते.

खाली काय अंथरता?

वर्तमानपत्र गुळगुळीत असतं. त्यावर पिल्लाचे पाय दोन्ही बाजूंना फाकतात आणि काही दिवसांत तसेच राहतात. जुना टॉवेल बरा. पाय फाकले असतील तर लवकर हात घाला. दोन पायांमध्ये नेहमीइतकं अंतर राहील असा लोकरीचा सैल पट्टा बांधला की पहिल्या आठवड्यातलं पिल्लू बहुधा सरळ होतं. पावसाळ्यातला ओला, बुरशी लागलेला पेंढा खोक्यात अजिबात नको. त्या बुरशीने पिल्लाच्या फुप्फुसाला संसर्ग होतो आणि त्यावर घरी इलाज नाही.

शेपटीखालचं ओरबाडून काढणे

विष्ठा चिकटून गुदद्वार बंद झालं की पिल्लू दोन दिवसांत मरतं, म्हणून रोज बघा. पण सुकलेला गोळा ओढला की कातडी सोलून निघते. कोमट पाण्याचा कापूस दोन मिनिटं धरून ठेवा, मऊ झाल्यावर पुसा, कोरडं करा आणि थोडं खोबरेल लावा. गुदद्वाराच्या जरा पुढे, पोटाकडे, नवजात पिल्लाला एक बारीक काळपट खपली असते. ती बेंबी आहे. तिला घाण समजून ओढलं तर पिल्लू हातचं जातं.

आपल्या मनाने औषध

माणसांच्या गोळ्यांचे तुकडे देऊ नका. तीनेक आठवड्यांच्या पुढच्या पिल्लाच्या विष्ठेत रक्त दिसलं तर बहुतेक वेळा तो कॉक्सीडिओसिस हा आतड्याचा आजार असतो, ओल्या अंथरणात वाढणारा. त्यावर पाण्यातून द्यायचं औषध आहे, पण मात्रा पशुवैद्यकाकडूनच घ्या. मधूनमधून येणारी तपकिरी, चिकट, वास मारणारी विष्ठा मात्र नेहमीची असते, तिला घाबरू नका. मान पिळवटणं, हिरवी हगवण आणि एकापाठोपाठ मरतूक ही मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लक्षणं आहेत. तेव्हा एका पिल्लाची शुश्रूषा करत बसू नका. १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या क्रमांकावर फोन करा, बाकीच्या कोंबड्या लांब ठेवा, मेलेली व्हाळात (ओढ्यात) न टाकता खोल खड्ड्यात चुना घालून पुरा. मानमोडीची लस पहिल्या आठवड्यातच देतात, पण ती निरोगी पिल्लाला. आजारी पिल्लाला ती देऊन ते बरं होत नाही.

दाण्याबद्दल थोडकं. नुसत्या तांदळाच्या कण्यांनी पोट भरतं, पण ताकद भरून येत नाही. सुमारे २० टक्के प्रथिनं असलेलं पिल्लांचं खाद्य ओलसर करून द्या, ते नसेल तर उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून, उरलेला तासाभरात उचलून. प्रत्येक वेळी हात साबणाने धुवा, मुलांचेही.

परत आईकडे

दोन दिवस पिल्लू स्वतःहून खातंय, पितंय, पायावर नीट उभं आहे असं दिसलं की ते भर दिवसा अंगणात सोडण्याचा मोह होतो. भावंडं त्याला टोचतात आणि कोंबडीही हाकलते. अंधार पडल्यावर, कोंबडी डालग्याखाली स्थिर झाली की पिल्लाला अलगद तिच्या पंखाखाली सरकवा. ती हलक्या आवाजात कुरकुरली आणि अंग पसरून बसली तर काम झालं. सकाळी डालगं उचलल्यावर अर्धा तास तिथेच बसून बघा. चोच मारू लागली तर पिल्लू पुन्हा खोक्यात आणा, सोबतीला एक भावंड ठेवा आणि दोन रात्रींनी परत प्रयत्न करा.