शिकागोत लॉफ्ट बघायला दोनदा जा

शिकागोच्या डाउनटाउनमध्ये लॉफ्ट, म्हणजे जुन्या कारखान्या-गोदामातून केलेलं मोकळं घर, घ्यायचा असेल तर एकदा बघून होकार देऊ नका. प्रिंटर्स रो भागातले बरेच लॉफ्ट म्हणजे पूर्वीचे छापखाने. उंच छत, उघड्या विटा बघून मन लगेच हरखतं. दुसऱ्यांदा संध्याकाळी, शेजारपाजार घरी असताना जा. लाकडी तुळयांच्या इमारतीत वरच्यांची पावलं ठळक ऐकू येतात. 'एल' या शहरी रेल्वेगाडीचा मार्ग जवळ असेल तर खिडक्या लावून पाच मिनिटं गप्प उभे राहा.

आवडलंच, तर इलिनॉय राज्याच्या कॉन्डोमिनियम (मालकीच्या फ्लॅटच्या इमारती) कायद्याच्या कलम 22.1 खालची माहिती विक्रेत्याकडे मागा: असोसिएशनचा (फ्लॅटमालकांच्या संस्थेचा) राखीव निधी, कोर्टात चालू असलेले दावे, येत्या काळातले अपेक्षित मोठे खर्च. जुन्या भिंतींची डागडुजी निघाली की तुमच्या वाट्यालाही हजारो डॉलरचा खर्च येऊ शकतो.