फोटोवर बोट ठेवताना

आम्ही सात-आठ जण महिन्यातून एकदा फोटो घेऊन बसतो. पोटापाण्यासाठी कुणीच फोटो काढत नाही. प्रत्येकाने तीन प्रिंट आणायच्या आणि बाकीच्यांनी बोलायचं, एवढाच नियम. पहिलं वर्षभर आम्ही 'वा', 'मस्त टिपलंय' आणि 'जरा डार्क वाटतोय का?' यावरच भागवलं. भीड होतीच, पण दुसऱ्याच्या फोटोत पाहायचं काय, हेही धड कळत नव्हतं.

मग एकदा मी तोंड उघडलं आणि एका चांगल्या फोटोची वाट लावली. गटात नव्यानेच आलेल्या मुलीने रंधा मारणाऱ्या सुताराचा फोटो आणला होता. हात आणि रंधा पुसट, धुरकट. मी लगेच म्हणाले, "ब्लर आलाय, शटरचा वेग वाढव." तिने मुकाट्याने ऐकलं आणि पुढच्या महिन्यात तोच माणूस १/२५० सेकंदाला टिपून आणला. रंधा शार्प, बोटं शार्प, लाकडाचं सालपटसुद्धा शार्प. आणि माणूस रंधा हातात धरून फोटोसाठी थांबल्यासारखा. मी जुनी प्रिंट परत मागून घेतली. त्यात चेहरा भुवईच्या केसापर्यंत स्वच्छ होता, हलत होते ते फक्त हात. शटर होतं १/१५ सेकंद, म्हणजे बरंच मंद. त्या फोटोत काम चाललेलं दिसत होतं आणि मी तेच बंद पाडलं होतं.

तेव्हापासून 'ब्लर' हा शब्द मी नुसता वापरत नाही. कॅमेरा हलला असेल तर फ्रेममधलं सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसतं; लहानसा दिवासुद्धा ठिपका न राहता रेघ होतो. फोकस चुकला असेल तर पुढचं किंवा मागचं दुसरंच काहीतरी शार्प सापडतं. डोळ्यांऐवजी कान, माणसाऐवजी मागची भिंत. आणि बाकी सगळं नीट असून एकच गोष्ट पुसट असेल तर ती गोष्ट हलली आहे, आणि ते कदाचित मुद्दामही असेल. तिन्हींवरचे उपाय वेगळे. कॅमेरा हलत असेल तर जुना ठोकताळा सांगा: २०० मिमी लेन्स हातात धरून वापरताना शटर निदान १/२०० हवं, कॅमेऱ्यात एपीएस-सी, म्हणजे लहान आकाराचा सेन्सर असेल तर १/३०० च्या आसपास. लेन्समध्ये हाताची थरथर सावरणारा स्टॅबिलायझर असेल तर यापेक्षा मंद शटरवरही निभावतं. पण फोकस चुकलेल्याला शटर वाढवायला सांगणं म्हणजे डोकं दुखणाऱ्याला पायाला मलम.

आता आमचा नियम असा की बोट ठेवून दाखवता येत नसेल तर बोलायचं नाही. अक्षरशः बोट, प्रिंटच्या वर. 'कंपोझिशन जमलं नाही' याला बोट ठेवायला जागा नसते. 'हा खांब बरोबर तिच्या डोक्यातून उगवलाय' याला असते. सुरुवात दोषाने करायची नाही, स्तुतीनेही नाही. नजर आधी कुठे गेली, मग कुठे वळली आणि कुठून फ्रेमच्या बाहेर पडली, एवढं सांगायचं. काढणाऱ्याला यातून जे कळतं ते 'छान'मधून कधीच कळत नाही. त्यानंतर विचारायचं, "तुला यात काय दाखवायचं होतं?" सुताराच्या वेळी मी हा एक प्रश्न विचारला असता तर पुढचा घोळ टळला असता.

दोष सांगताना तो आत्ता दुरुस्त होण्यासारखा आहे का, तेही सांगा. वाकडं क्षितिज, पिवळट रंग, जास्तीची कड घरी बसून निस्तरता येते. चुकलेला फोकस, चुकीच्या बाजूने आलेला उजेड, पार पांढरं फटक झालेलं आकाश हे पुढच्या वेळचे धडे. त्यावर दहा मिनिटं घालवू नका. आणि फोटो फोनवर पाहत असाल तर 'डार्क आहे' म्हणण्याआधी स्वतःच्या स्क्रीनचा ब्राइटनेस बघा. हा टोमणा मी स्वतःलाच मारते आहे.

ऐकून घेण्याची बाजू मला जास्त जड गेली. फोटो ठेवला की काढणाऱ्याने दोन मिनिटं गप्प बसायचं, असं आमच्यात ठरलं आहे. ती दोन मिनिटं संपता संपत नाहीत. 'अहो, तेव्हा ऊन एवढं होतं की...' हे वाक्य जिभेवर आलेलं असतं. पण ऊन, धावपळ, त्या दुपारची मजा यातलं प्रिंटवर काहीच नसतं. तुम्ही तिथे होतात, बघणारे नव्हते.

माझा झोपाळ्यावरच्या मुलाचा फोटो सांगते. एकजण म्हणाला, "उजवीकडून क्रॉप करा." दुसरी म्हणाली, "ब्लॅक अँड व्हाइट करून बघा." तिसऱ्याचं मत, एफ/८ ऐवजी एफ/२.८ ला, म्हणजे मागचं धूसर होईल असा काढायला हवा होता. मी वैतागले, तीन तोंडं, तीन गोष्टी. घरी येऊन फोटो टाचणीने भिंतीवर लावला आणि दोन दिवसांनी लक्षात आलं, तिघांनाही एकच गोष्ट टोचत होती. वरच्या उजव्या कोपऱ्यातली लालभडक बादली. उपाय प्रत्येकाचा आपापल्या सवयीचा होता, जागा मात्र एकच. हल्ली मी वहीत उपाय लिहीतच नाही, फक्त जागा लिहिते. क्रॉप केलं असतं तर झोपाळ्याची दोरी कापली गेली असती, म्हणून मी तेवढ्याच लालचा भडकपणा उतरवला आणि कोपरा किंचित गडद केला.

क्रॉपवरून आठवलं. 'मी क्रॉप करत नाही, कार्टिए-ब्रेसाँही करत नसे' असं त्या प्रसिद्ध फ्रेंच फोटोग्राफरचं नाव घेऊन म्हणणारा एक तरी भेटतोच. त्याला कार्टिए-ब्रेसाँचाच १९३२ चा, डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा फोटो दाखवा. तो कुंपणाच्या फटीतून काढलेला होता आणि डावीकडची कड कापूनच छापला गेला.

सुधारलेला फोटो त्याच माणसांना पुन्हा दाखवा, पण काय बदललं ते आधी सांगू नका. झोपाळा मी तसाच नेला. बादलीचं कुणी नावही काढलं नाही. क्रॉप सुचवणाऱ्याने मुलाच्या उघड्या तळपायावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हा तळवा आधीच्या प्रिंटमध्ये होता का हो?"