काम उत्तम चालले असतानाच बर्नआउट कसा रोखावा

बर्नआउट, म्हणजे कामाच्या दीर्घकालीन ताणाने येणारी खचलेली अवस्था, होऊ लागला की माणसाचे काम आधी बिघडते, असा सर्वसाधारण समज आहे. कर्तबगार माणसांच्या बाबतीत बहुधा उलट घडते. त्यांची झोप आधी बिघडते, घरच्यांशी बोलताना सूर चिडका होतो, आवडीचे वाचन बंद पडते, मित्रांचे फोन ‘नंतर करू’ म्हणून राहून जातात, आणि या सगळ्या काळात अहवाल मात्र वेळेवर जात असतात. वरिष्ठ समाधानी असतात, मूल्यांकन चांगले येते आणि त्यामुळे स्वतःचे सगळे ठीक चालले आहे अशी त्या माणसाचीही खात्री पटते. कामाची गुणवत्ता टिकवण्यासाठी बाकीच्या आयुष्यातून उसनवारी चालू आहे, हे कोणत्याच तक्त्यात दिसत नाही. म्हणूनच बर्नआउट रोखायचा असेल तर कामगिरीकडे पाहून अंदाज बांधणे आधी सोडावे लागते, आणि थकवा महिनोन्‌महिने साठवून एखाद्या मोठ्या सुटीत फेडण्याऐवजी त्या-त्या दिवशीच फेडण्याची सवय लावावी लागते. पुढील सर्व सूचना या दोन गोष्टींसाठीच आहेत.

या स्थितीचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला तो १९७४ साली. न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात काम करणारे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी पाहिले की अत्यंत उत्साहाने आलेले स्वयंसेवकच काही महिन्यांत कोरडे आणि चिडचिडे होत होते. पुढे मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅसलॅक यांनी या स्थितीची तीन अंगे मांडली आणि १९८१ साली ती मोजणारी प्रश्नावली प्रसिद्ध झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, म्हणजे जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आवृत्तीत, बर्नआउटची नोंद आजार म्हणून नाही. नीट हाताळला न गेलेला कामाच्या ठिकाणचा दीर्घकालीन ताण आणि त्यातून उद्भवणारी स्थिती, असे तिचे वर्णन आहे. तिची लक्षणेही तीनच सांगितली आहेत: शक्ती संपल्याची भावना, कामापासून मनाने दुरावणे किंवा कामाबद्दल कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटू लागणे.

आठवड्यातून एकदा स्वतःची नोंद ठेवा

या तिन्हींपैकी थकवा लोकांना लवकर ओळखू येतो. दुसरे लक्षण, म्हणजे कडवटपणा, मात्र हुशार माणसांना फसवतो, कारण तो शहाणपणाच्या वेषात येतो. ‘या बैठकांना काही अर्थ नसतो’, ‘ग्राहकांना काही कळत नाही’, ‘नवीन मुलांना शिकवून काय उपयोग’ ही वाक्ये अनुभवातून आलेली वाटतात आणि कधी कधी ती खरीही असतात. प्रश्न एवढाच की सहा महिन्यांपूर्वी याच लोकांबद्दल आणि याच बैठकांबद्दल आपण काय म्हणत होतो. माणसे तीच आणि मत तेवढे उतरलेले असेल, तर बदल बहुधा आपल्यात झालेला असतो.

तो बदल वेळेवर दिसावा यासाठी आठवड्यातील एक ठरावीक वेळ निवडून एका वहीत तीन प्रश्नांची एकेका ओळीत उत्तरे लिहावीत. सुटी संपत आली तेव्हा उद्याच्या कामाचा विचार कसा वाटला? या आठवड्यात कोणाशी विनाकारण तुसडेपणाने बोललो का? कामाचा काहीही संबंध नसलेली कोणती गोष्ट मनापासून कराविशी वाटली? एखाद्या आठवड्याच्या उत्तरावरून काही ठरवू नये, कारण वाईट आठवडा सगळ्यांनाच येतो. पण तिसऱ्या प्रश्नापुढची जागा सलग चार-पाच आठवडे कोरी राहिली तर ती सूचना गंभीरपणे घ्यावी. हे काम मोबाइलवरील ॲपवर सोपवू नये असे मला वाटते. कर्तबगार माणसाला गुण आणि आलेख दिसले की तो त्यातही पहिला येण्याच्या मागे लागतो.

कामाचा दिवस रीतसर बंद करा

रोजच्या सवयींपैकी एकच निवडायची असेल तर ही निवडावी. ऑफिस सोडले किंवा लॅपटॉप मिटला म्हणजे काम संपले असे होत नाही. अर्धवट राहिलेली कामे डोक्यात घोळत राहतात आणि जेवताना, मुलांशी बोलताना, अंथरुणावर पडल्यावर पुन्हा पुन्हा वर येतात. मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या संशोधकांनी २०११ साली दाखवले की अपुरे राहिलेले उद्दिष्ट मनात घुसखोरी करत राहते, पण ते कधी आणि कसे पूर्ण करायचे याचा नेमका बेत ठरला की काम प्रत्यक्ष पूर्ण झालेले नसतानाही ही घुसखोरी कमी होते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात ५७ तरुणांपैकी काहींनी झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढील दिवसांतील कामांची यादी लिहिली आणि काहींनी झालेल्या कामांची. पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटे आधी झोप लागली, आणि यादी जितकी तपशीलवार तितका फायदा अधिक दिसला. प्रयोग लहान आहे, त्यामुळे नऊ मिनिटांच्या आकड्याला चिकटून बसू नये. पण तपशिलाचा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

म्हणून काम थांबवण्यापूर्वीची शेवटची दहा मिनिटे राखून ठेवावीत आणि त्या वेळात नवे काहीही सुरू करू नये. जे अर्धवट आहे ते लिहावे, पण कसे लिहितो यावर सारे अवलंबून असते. ‘सादरीकरण पूर्ण करणे’ ही नोंद मनाला स्वस्थ बसू देत नाही, कारण त्यात सुरुवात कुठून करायची हेच ठरलेले नसते. ‘उद्या साडेनऊला सादरीकरणातील तिसरा तक्ता विक्री विभागाच्या नव्या आकड्यांनी भरणे, दहापर्यंत आकडे आले नाहीत तर फोन करणे, फोन लागला नाही तर मागील तिमाहीचे आकडे टाकून खाली तशी टीप देणे’ अशी नोंद केली की रात्री त्या तक्त्याचा विचार आला तरी त्याला पुढे जायला वाट उरत नाही. उद्याचे पहिले काम वहीच्या अगदी वरच्या ओळीत लिहावे, उघडी पडलेली सगळी पाने आणि फाइली बंद कराव्यात आणि मग उठावे. घरून काम करणाऱ्यांनी लॅपटॉप नजरेआड ठेवावा. जेवणाच्या टेबलावर तो उघडा असेल तर दिवस बंद झालेला नसतो.

या सवयीला सर्वात मोठा धोका खिशातल्या फोनचा असतो. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना, कामाच्या वेळेनंतर संपर्कापासून दूर राहण्याच्या हक्काविषयी कर्मचारी प्रतिनिधींशी वाटाघाटी कराव्या लागतात. पण असा कायदा नसलेल्या ठिकाणी सीमा स्वतःच आखावी लागते. ऑफिसच्या मेलच्या आणि कामाच्या ग्रुपच्या सूचना संध्याकाळी बंद कराव्यात. ज्यांचे काम खरोखरच तातडीचे असते त्यांनी सहकाऱ्यांना एवढेच सांगावे: ‘तातडीचे असेल तर फोन करा, मेसेज मी सकाळी पाहीन.’ फोन करावा लागणार म्हटले की बऱ्याच तातडीच्या बाबी आपोआप सकाळपर्यंत थांबतात, असे दिसून येईल.

तासांचा हिशेब खरा मांडा

‘मी जास्त तास काम करतो म्हणून पुढे आहे’ हा समज तपासून पाहण्याजोगा आहे. अर्थशास्त्रज्ञ जॉन पेन्कावेल यांनी पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी अभ्यासल्या, तेव्हा आठवड्याला सुमारे ५० तासांनंतर वाढत्या तासांच्या मानाने उत्पादन वाढत नसल्याचे आणि ७० तासांचे उत्पादन ५६ तासांपेक्षा फारसे वेगळे नसल्याचे त्यांना आढळले. तोफगोळे बनवणे आणि करारनामे तपासणे ही कामे सारखी नाहीत हे खरे. पण तोफगोळे निदान मोजता तरी येतात, आणि दमलेल्या डोक्याने तपासलेल्या करारनाम्यातील चूक सापडते ती कित्येक महिन्यांनी. प्रकृतीचा हिशेब याहून स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ च्या संयुक्त अभ्यासानुसार आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांमध्ये, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयाला अपुऱ्या रक्तपुरवठ्याने होणाऱ्या मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक आढळला.

दोन आठवडे कामाची सुरुवातीची आणि शेवटची वेळ रोज लिहून ठेवावी, त्यात घरून पाठवलेल्या मेलचा वेळही धरावा. आकडा समोर आला की काय कमी करायचे हा प्रश्न टाळता येत नाही.

‘नाही’ म्हणण्याऐवजी अदलाबदल मागा

चांगले काम करणाऱ्याला बक्षीस म्हणून आणखी काम मिळते, आणि त्याला ते नाकारता येत नाही, कारण आपण ‘जमवून घेणारे’ आहोत हीच त्याची ओळख झालेली असते. सरळ नकार द्या असा सल्ला द्यायला सोपा आहे. वरिष्ठांसमोर तो टिकत नाही. त्याऐवजी नव्या कामाची किंमत समोर ठेवावी. ‘सर, हे काम मी घेतो. मात्र मग गुरुवारचा अहवाल सोमवारी जाईल. दोन्हींपैकी आधी काय हवे ते सांगा, म्हणजे त्याप्रमाणे करतो.’ यात उद्धटपणा नाही आणि रडगाणेही नाही; फक्त प्राधान्य ठरवण्याची जबाबदारी, ज्यांची ती आहे त्यांच्याकडे, परत जाते. सहकाऱ्याने ऐन वेळी मदत मागितली तर तिथल्या तिथे होकार न देता ‘वही पाहून तासाभरात सांगते’ एवढे म्हणण्याची सवय ठेवावी. होकार बहुतेक वेळा पहिल्या पाच सेकंदांत निसटतो.

विश्रांतीची परीक्षा करू नका

काम संपल्यानंतर माणूस कशाने सावरतो याविषयी सबीने सोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ या संशोधकांनी २००७ साली चार गोष्टी मांडल्या: कामापासून मनाने सुटणे, शरीर-मन सैल होणे, कामाबाहेरचे काही नवे शिकणे किंवा साधणे, आणि आपला मोकळा वेळ आपल्या मर्जीने वापरता येणे. त्याच सोनेनटाग यांनी पुढे एक विरोधाभासही दाखवला: ताण सर्वाधिक असतो तेव्हा विश्रांतीची गरज सर्वात जास्त असते आणि नेमकी तेव्हाच ती घेतली जात नाही. म्हणून ‘वेळ मिळाला तर’ हा शब्दप्रयोग इथे चालत नाही. बैठकीइतकीच ठाम नोंद संध्याकाळच्या फिरण्याचीही कॅलेंडरमध्ये हवी.

महत्त्वाकांक्षी लोक याबाबतीत एक विचित्र गोष्ट करतात. कोणी सांगितले म्हणून धावायला लागतात, दुसऱ्या आठवड्यात महागडे घड्याळ घेतात, महिन्याभरात अर्ध-मॅरेथॉनचे नाव नोंदवतात आणि मग पहाटे उठून आकडे गाठता आले नाहीत म्हणून दिवसभर खट्टू राहतात. शिकण्याचा आनंद जरूर घ्यावा, पण निदान एक छंद तरी असा असावा की त्यात आपण सामान्य आहोत आणि तसेच राहणार आहोत, याची लाज वाटू नये. चित्र वाईट आले तरी कागद फाडून न टाकता दुसरा घ्यावा.

लांब सुटीवर फार भिस्त ठेवू नये. सुटीचा गुण खरा असतो, पण कामावर परतल्यावर तो काही आठवड्यांतच ओसरतो, असे अभ्यासांत वारंवार दिसले आहे. वर्षातून एकदा पंधरा दिवस गायब होण्यापेक्षा सुट्या वाटून घेणे आणि रोजची संध्याकाळ वाचवणे अधिक हिताचे.

झोप आणि व्यायाम याविषयी सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे थोडक्यात. प्रौढ माणसाला नियमितपणे किमान सात तास झोप लागते, आणि ‘मला पाच तास पुरतात’ म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती पुरत नसते. कॅफिनचे शरीरातील प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे दुपारनंतरची कॉफी रात्रीच्या झोपेतून वजा होते. आठवड्याला १५० मिनिटे दम लागेलसे चालणे पुरेसे आहे. फोनवरच्या चर्चा चालत केल्या तरी त्यातला बराच भाग निघतो, मात्र त्या चालण्याला विश्रांती समजू नये.

सवयी कुठे पुरत नाहीत

या सगळ्या सवयी एकदम सुरू करणे म्हणजे स्वतःवर नवा प्रकल्प लादणे. पहिले दोन-तीन आठवडे फक्त दिवस बंद करण्याची वही आणि आठवड्याची नोंद एवढेच करावे. बाकीचे नंतर, एकेक करून.

आणि काही ठिकाणी सवयींनी काम भागणार नाही. मॅसलॅक आणि मायकल लायटर यांनी बर्नआउटची मुळे सहा ठिकाणी शोधली: कामाचा बोजा, कामावरचा स्वतःचा ताबा, मिळणारी दाद आणि मोबदला, सहकाऱ्यांशी नाते, न्याय, आणि मूल्ये. पहिल्या दोहोंबाबत माणूस स्वतः थोडेफार करू शकतो. पण जिथे श्रेय सतत दुसऱ्याला जाते किंवा मनाला न पटणारे रोज करावे लागते, तिथे संध्याकाळी कितीही शांतपणे फिरले तरी सकाळ तशीच उगवते. अशा वेळी विभाग, भूमिका किंवा नोकरी बदलण्याचा विचार करावा, आणि शक्यतो तो पूर्ण खचण्याच्या आधी करावा, कारण खचलेल्या अवस्थेत माणूस मिळेल ते पहिले दार धरतो.

पुरेशी झोप आणि सुटी घेऊनही थकवा जात नसेल, कामाबाहेरच्या गोष्टींतही आनंद वाटेनासा झाला असेल, तर तो बर्नआउटच आहे असे स्वतः ठरवू नये. थायरॉइडचे विकार, रक्तक्षय आणि नैराश्य यांची लक्षणे याच्याशी बरीच मिळतीजुळती असतात आणि त्यांवर उपचार आहेत. जगणे नकोसे वाटण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी घरातल्या कोणाला तरी सांगावे आणि तातडीने डॉक्टरांची मदत घ्यावी. एरवी डॉक्टरांकडे जाताना आठवड्याच्या नोंदींची वही सोबत न्यावी. दवाखान्यात ‘तसे ठीक आहे’ असे म्हणण्याची सवय असलेल्या माणसाऐवजी मग ती वहीच बोलते.