आवळ्याच्या फांद्यांवरच्या गाठी, मी काय केलं ते सांगतो

कळंब्याला आमच्या घरामागं आवळ्याचं झाड हाय, आईनं लावलेलं, म्हणून जीव जास्त. मागच्या पावसाळ्यात बघतोय तर कोवळ्या शेंड्यांवर बोटाएवढ्या जाड गाठी, आणि गाठीच्या पुढं फांदी वाढायचीच थांबलेली, खालनं नुसते बारके बारके फुटवे. एका नर्सरीवाल्यानं बुरशी म्हणून औषध दिलं, दोनदा फवारलं, काय फरक नाही.

शेवटी एक गाठ ब्लेडनं उभी चिरली. आत पोकळ बोगदा, भुश्यासारखी विष्ठा आणि एक बारकी काळसर अळी. मग कळलं, हा एका छोट्या पतंगाचा उद्योग. पावसाळ्यात अळी कोवळ्या शेंड्यात घुसते, आतनं पोखरते आणि तिथंच फांदी फुगून गाठ होते. अळी आत बसलेली असल्यावर वरनं बुरशीनाशक मारून काय होणार!

थंडीत सगळ्या गाठी, खाली चार बोटं चांगली फांदी धरून, कटरनं कापल्या. कापलेलं झाडाखाली टाकू नका, मी सगळं गोळा करून जाळलं. मधल्या दाट फांद्या पण विरळ केल्या, कारण गर्दी झालेल्या झाडावर ही कीड जास्त येते. यंदा जूनपासनं दर आठवड्याला शेंडे तपासतोय, आतापर्यंत तीनच गाठी सापडल्या, हिरव्या असतानाच काढल्या. आणि जिथं कापलं होतं तिथनं आता हातभर सरळ फांद्या आल्यात, आईला दाखवल्या काल.