डॉक्टरांनी लिहिलंय कुठं?

मी मेडिकल कोडिंग करते, म्हणजे पेशंटच्या नोंदी (चार्ट) वाचून आजार-उपचारांना ठरलेले कोड लावते. ट्रेनिंग संपून लाइव्ह, म्हणजे खऱ्या पेशंटच्या चार्टवर आले, त्याच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. अमेरिकेतल्या एका क्लिनिकची ओपीडीची नोट होती, औषधांच्या यादीत मेटफॉर्मिन. मी बी.फार्म. झालेली. मेटफॉर्मिन दिसलं की मधुमेह, हे डोक्यात इतकं पक्कं की ई११.९ हा मधुमेहाचा कोड टाकून पुढच्या चार्टला गेलेसुद्धा. संध्याकाळी आमचं काम तपासणाऱ्या ऑडिटर मॅडमनी शेजारी बसवलं आणि म्हणाल्या, "डायबेटिस डॉक्टरांनी लिहिलाय कुठं? दाखव." कुठंच नव्हता. पीसीओएस (बायकांमधला हार्मोनचा एक विकार) लिहिलं होतं, गोळी त्यासाठी चालू होती. कोड हवा होता ई२८.२. त्या पेशंट बाईंच्या विम्याच्या नोंदीत नसलेला मधुमेह माझ्यामुळं चिकटला असता, हे लक्षात आलं तेव्हा पोटात गोळा आला.

फार्मसी, नर्सिंग, फिजिओथेरपी, बीएचएमएस, बीएस्सी अशा शिक्षणातून येणाऱ्यांनी ही एक सवय आधी मोडावी. आपलं ज्ञान चार्ट समजायला कामी येतं, निदान करायला नाही. ओपीडीत डॉक्टरांनी "न्यूमोनिया असावा" असं लिहिलं तर न्यूमोनियाचा कोड लागत नाही. खोकला, ताप ही लक्षणंच कोड करायची. तेच वाक्य अ‍ॅडमिट पेशंटच्या डिस्चार्ज समरीत असेल, तर मात्र न्यूमोनिया धरतात. आणि मधुमेह व किडनीचा जुनाट आजार दोन्ही लिहिलेत, पण संबंध जोडलेला नाही? तिथं कोड लावायच्या नियमांची अधिकृत गाइडलाइन स्वतःच संबंध धरायला सांगते: ई११.२२ आणि सोबत एन१८ मधली किडनीच्या आजाराची स्टेज. डॉक्टरांनी दुसरं कारण लिहिलं असेल तरच सोडायचं. म्हणजे कुठं धरायचं आणि कुठं नाही, हे तर्कानं ठरत नाही, नियमानं ठरतं.

कामाचं स्वरूप थोडक्यात: आजारासाठी आयसीडी-१०-सीएम (अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून), तपासणी-शस्त्रक्रियेसाठी सीपीटी. या कोडवर दवाखान्याला विम्याचे पैसे मिळतात. आयसीडीचे नवे कोड मुख्यतः दर १ ऑक्टोबरला येतात, सीपीटीचे १ जानेवारीला, त्यामुळं अभ्यास संपला असं कधी होत नाही.

सीपीसी ही एएपीसी या कोडिंग करणाऱ्यांच्या अमेरिकी संस्थेची परीक्षा. १०० प्रश्न, ४ तास, पास व्हायला ७० टक्के. कोडची पुस्तकं उघडून बघता येतात, म्हणून लोक गाफील राहतात. एका प्रश्नाला अडीच मिनिटंही मिळत नाहीत; पान शोधण्यात दोन गेली तर संपलं. मी पुस्तकाला टॅब लावून, घड्याळ समोर ठेवून सराव केला. सेकंडहँड पुस्तकं घेण्याआधी परीक्षेला कोणत्या वर्षाची चालतात ते नक्की बघा. पास झाल्यावरही अनुभव नसेल तर नावापुढं सीपीसी-ए लागतं. तो "ए" शिकाऊपणाचा. दोन वर्षांच्या कामाचा पुरावा दिला की जातो.

क्लासबद्दल कळकळीनं सांगते. "शंभर टक्के नोकरी" म्हणणाऱ्या एका क्लासला आमच्या गावातल्या मुलीनं वडिलांच्या कर्जातून फी भरली. तिला शिकवल्या फक्त कोडच्या याद्या, एकही पूर्ण चार्ट नाही. फी भरण्याआधी विचारा: ऑपरेशन नोट, ईआर (इमर्जन्सी विभागाची) नोट वाचून घेणार का? आणि कुणी नोकरीसाठी पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा. काही कंपन्या फ्रेशरना घेऊन स्वतः ट्रेनिंग देतात, पुणे-नवी मुंबईत असे इंटरव्ह्यू होतात. तिथं अ‍ॅनाटॉमी आणि वैद्यकीय शब्दांची फोड विचारतात. कामावर वेग आणि अचूकता दोन्ही मोजतात. पहिले सहा महिने अचूकता सांभाळा, वेग हातात आपोआप येतो.

आयसीडीच्या अधिकृत गाइडलाइन्स इंटरनेटवर फुकट मिळतात. मेटफॉर्मिनच्या त्या चुकीनंतर मी शंभरावर पानांचं ते सगळं प्रिंट काढलं आणि ठाण्याहून ऐरोलीला जाताना रोज वाचलं. उतरेपर्यंत दोन पानं व्हायची. ओपीडीचा भाग चौथ्या सेक्शनमध्ये आहे, तिथून सुरू केलंत तरी चालेल.