चिकटलेल्या जोडताऱ्यांचं मोजमाप: या चुका टाळा

नवा मुलगा दोन रात्रींचं निरीक्षण घेऊन येतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "सर, विल्सन-डेव्हिनी (म्हणजे निरीक्षणांवरून जोडताऱ्यांचं मॉडेल बसवणारा प्रोग्राम) कसं चालवायचं?" बाळा, आधी घड्याळ तपासलंस का?

हे मी अनुभवाने शहाणा होऊन विचारतो. सप्तर्षींजवळचा डब्ल्यू अर्सी मेजॉरिस हा चिकटलेल्या जोडताऱ्यांच्या कुळाचा मूळपुरुष. दोघे तारे एकाच वायूच्या आवरणात, फेरी आठ तासांची, म्हणजे दर चार तासांनी एक ग्रहण, एक तारा दुसऱ्याला झाकतो. एका रात्री नेहमीचा लॅपटॉप बिघडला म्हणून मी दुसरा लावला. त्या रात्रीचं ग्रहण चक्क दीड तास उशिरा! मी आठवडाभर हवेत. तिसरा तारा असेल, वस्तुमान वाहत असेल, काय काय मनोरे रचले. शेवटी कळलं की त्या लॅपटॉपवर भारतीय वेळ होती आणि मी ती जागतिक वेळ समजून वापरली. साडेपाच तासांतून दोन ग्रहणांमधले चार तास वजा करा, उरतो दीड तास. तेव्हापासून रात्रीचा पहिला फोटो मी मोबाइलवरच्या वेळेशी ताडतो आणि फरक वहीत लिहितो. हो, कागदाच्या वहीत.

मोठ्यांचंही असं होतं. केआयसी 9832227 या जोडीचे दोन्ही तारे 2022 च्या सुमारास एकमेकांत विलीन होणार, असं भाकीत 2017 मध्ये गाजलं. पुढच्याच वर्षी उलगडा झाला: जुन्या निरीक्षणातल्या एका ग्रहणाची वेळ छापताना 12 तासांची चूक झाली होती. जोडीची फेरी 11 तासांची, त्यामुळे ती चूक तासाभराच्या फरकाचं सोंग घेऊन बसली. सूर्यकेंद्री दुरुस्तीही (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याचा प्रकाश लवकर-उशिरा पोचतो, त्याची भरपाई) विसरू नका, ती आठ मिनिटांपर्यंत जाते.

संगणकाने दिलेला आवर्तनकाल, म्हणजे एका फेरीचा वेळ, दुप्पट करून बघा. दोन्ही ग्रहणं जवळपास सारखी खोल असल्याने तो हमखास निम्मा येतो.

रोज संध्याकाळी दोनच तास बघणाऱ्यांनी डब्ल्यू अर्सी मेजॉरिसच्या वाटेला जाऊ नये. तीन फेऱ्या म्हणजे जवळजवळ एक दिवस, त्यामुळे आठवडाभर तोच तुकडा दिसत राहतो. फेब्रुवारीतली एक अख्खी रात्र जागा.

तुलनेचा तारा (ज्याच्या स्थिर तेजाशी आपण जोडीचं तेज ताडतो तो) कॅमेऱ्याच्या क्षमतेबाहेर भरून वाहत असेल तर पुढचं सगळं वाया.

आता माझं दुसरं दुखणं: वस्तुमानांचं गुणोत्तर. ग्रहण पूर्ण असेल, प्रकाशवक्राचा (वेळेनुसार तेजाच्या आलेखाचा) तळ सपाट असेल, तर निव्वळ प्रकाशावरून ते बऱ्यापैकी काढता येतं. ग्रहण अर्धवट असेल तर गुणोत्तर आणि कक्षेचा कल एकमेकांची पापं झाकतात. थोडं हे वाढवा, थोडं ते कमी करा, वक्र तसाच. प्रोग्राम मात्र शांतपणे 0.001 ची त्रुटी छापतो आणि पोरं ती जशीच्या तशी अहवालात उतरवतात. ती त्रुटी फक्त एवढंच सांगते की प्रोग्राम ज्या खड्ड्यात पडला तो किती अरुंद आहे; शेजारी आणखी चार खड्डे असतील. मी गुणोत्तर एकेका पायरीवर धरून ठेवतो, दर वेळी मॉडेल नव्याने बसवतो आणि मॉडेल आणि निरीक्षण यांत उरलेल्या फरकाचा आलेख काढतो. तळ परातीसारखा पसरट आला तर एक आकडा न देता पल्ला लिहितो. खरा निवाडा वर्णपटावरून मोजलेल्या वेगांचाच.

खोल ग्रहणात जड ताराच झाकला जातो, हेही धरून चालू नका. या कुळात बऱ्याचदा हलका ताराच अधिक तापलेला असतो.

आणि ते डाग! वक्राचे दोन माथे उंचीला सारखे नसले की लगेच ताऱ्यावर डाग चिकटवायचा. अक्षांश, रेखांश, आकार, तापमान असे चार आकडे हातात आले की कुठलाही वक्र जुळतो. हे डाग खरे असतात, नाही असं नाही. पण मी आधी दुसऱ्या तुलना-ताऱ्यावरून तोच वक्र पुन्हा काढतो. निम्म्या वेळा माथे तिथेच सारखे होतात.